दिव्याखालच्या अंधाराचा हिशोब

सुधागड तालुक्यातल्या पालीला बहुतेक लोक येतात ते बल्लाळेश्वराच्या दर्शनाला. वेळ असेल तर सरसगडाकडे मान वर करून पाहतात, उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवतात आणि परतीला लागतात. याच पालीच्या उत्तरेला खोपोली आहे आणि दक्षिणेला भिरा. दोन्ही ठिकाणी सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी नळांतून खाली कोसळतं, त्यावर जनित्रं फिरतात आणि वीज मुंबईकडे जाते. खोपोलीचं केंद्र १९१५ साली सुरू झालं, भिऱ्याचं १९२७ साली. म्हणजे मुंबईच्या गिरण्या विजेवर फिरू लागल्या तेव्हा त्या विजेचा उगम आपल्या या डोंगरांच्या पायथ्याशी होता.

आणि तरी याच पट्ट्यात, मुख्य रस्त्यापासून आत गेलेल्या एखाद्या वाडीत, संध्याकाळी सातच्या सुमाराला पिवळा बल्ब निखाऱ्यासारखा लाल होतो, पंखा दमल्यासारखा फिरतो आणि पंप नुसताच घुमतो. लोक म्हणतात, ‘लाइट कमी आहे.’ दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण हा अंधार मोजता येतो. त्यासाठी दोन आकडे पुरतात, व्होल्ट आणि अँपियर. हे दोन हाती आले की तारेचा रोध किती, यंत्राची शक्ती किती, वाटेत वाया किती गेलं आणि बिल किती येणार, सगळं साध्या गुणाकार-भागाकाराने निघतं. नववीच्या ‘धाराविद्युत’ या धड्यात हे असतंच. परीक्षा झाली की तो धडा आणि घरातलं बटण यांचा संबंध तुटतो, एवढंच.

भिऱ्याच्या नळातलं गणित

विजेची गोष्ट पाण्यावरून समजावून सांगायची पद्धत जुनी आहे. आपल्याकडे त्यासाठी टाकी आणि नळाची कल्पना करायची गरज नाही, भिरा आहे.

मुळशीच्या धरणात अडवलेलं पाणी मुळात पूर्वेला, भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जाणारं. ते बोगद्याने पश्चिमेला वळवून घाटाखाली सोडलं, की भिऱ्याला जनित्रं फिरवून कुंडलिकेत पडतं आणि अरबी समुद्राला मिळतं. या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. विजेच्या हिशोबात ही किंमतही धरायला हवी. ती कुठल्या मीटरवर येत नाही.

आता पाण्याचा हिशोब. माथ्यापासून जनित्रापर्यंतची उंची सुमारे ५०० मीटर. समजा, दर सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी खाली येतंय. हजार किलो वजन, गुरुत्वाकर्षणाचा आकडा ९.८ आणि उंची ५००, यांचा गुणाकार ४९ लाख. दर सेकंदाला ४९ लाख ज्यूल ऊर्जा, म्हणजेच ४९ लाख वॉट. भिऱ्याच्या जुन्या केंद्राची क्षमता १५० मेगावॉट आहे. ती पुरी करायची तर सेकंदाला तीस घनमीटरहून अधिक पाणी सोडावं लागतं. कोलाडला राफ्टिंगसाठी जाणाऱ्यांना ठाऊक असेल की कुंडलिकेत पाणी कधी येणार हे वरच्या वीज केंद्रांतून ते कधी सुटतं यावर ठरतं.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. उंची नुसती प्रचंड असली आणि पाणी थेंब थेंब येत असलं तर चाक फिरणार नाही. पाणी महापुराएवढं असलं पण उंची हातभरच असली तरी फारसं काही हाती लागत नाही. जुलै १९८९च्या पुरात अंबा नदीने जांभूळपाड्याची केलेली दैना तालुका विसरलेला नाही. पण त्या अफाट पाण्यालाही वीज करण्याजोगी उडी नव्हती. ताकद उंची आणि प्रवाह यांच्या गुणाकारात असते.

विजेचं तंतोतंत असंच आहे. विभवांतर, म्हणजे आपण ज्याला व्होल्टेज म्हणतो, ती उंची. एक कूलोम विद्युतप्रभार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना किती ज्यूल ऊर्जा देतो, ते व्होल्ट सांगतो. विद्युतधारा म्हणजे प्रवाह. दर सेकंदाला किती कूलोम गेले ते अँपियर सांगतो. दोन्हींचा गुणाकार केला की दर सेकंदाला किती ज्यूल मिळाले ते कळतं, आणि त्यालाच वॉट म्हणायचं.

शक्ती (वॉट) = विभवांतर (व्होल्ट) × धारा (अँपियर)

राहिला रोध. धबधब्याचं पाणी मोकळं पडतं, पण नळ अरुंद, लांब किंवा आतून गंजलेला असला तर तेवढ्याच उंचीवरूनही कमी पाणी येतं. तारेचंही तसंच. तार जितकी लांब तितका रोध जास्त, जितकी जाड तितका कमी. शिवाय धातू कोणता त्यावरही तो ठरतो. एक अँपियर धारा जाण्यासाठी किती व्होल्ट लागतात, हा रोधाचा अर्थ आणि तेच त्याचं गणित.

रोध (ओहम) = विभवांतर (व्होल्ट) ÷ धारा (अँपियर)

पाण्याची उपमा एका जागी मोडते, तेही सांगून टाकतो. नळ कापला तर पाणी सांडतं. तार कापली तर वीज सांडत नाही, थांबते. परत येण्याची वाट असल्याशिवाय ती निघतच नाही. म्हणून वाडीपर्यंत एक तार जाण्याची आणि एक येण्याची लागते. ही दुसरी तार पुढे आपल्या हिशोबात येणार आहे.

कुलपं करणाऱ्याचा मुलगा

विभवांतर, धारा आणि रोध यांच्या नात्याचा हा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो गेऑर्ग ओहम १७८९ साली जर्मनीतल्या एर्लांगेन गावी जन्मला. वडील कुलपं बनवणारे कारागीर. त्यांनी स्वतः शिकून मुलांना गणित शिकवलं. ओहम पुढे कोलोनच्या एका शाळेत शिक्षक झाला आणि तिथल्या प्रयोगशाळेत वेगवेगळ्या लांबीच्या तारांमधून धारा किती जाते ते मोजत बसला. त्या काळच्या बॅटरीचा दाब सतत कमी-जास्त व्हायचा, त्यामुळे आकडे जुळेनात. मग त्याने तांबं आणि बिस्मथ यांची जोडपट्टी घेतली, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. दोन टोकांचं तापमान स्थिर, म्हणून मिळणारा दाबही स्थिर. आकडे एका ओळीत आले. १८२७ साली त्याने पुस्तक छापलं, पण स्वदेशात त्याची फारशी कदर झाली नाही आणि त्याने नोकरी सोडली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं, तेव्हा कुठे नाव झालं. म्युनिकला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला १८५२ साली, आणि दोनच वर्षांनी वारला. १८८१ साली पॅरिसला भरलेल्या विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला त्याचं नाव दिलं.

गंमत अशी की इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशला हे साधारण पन्नास वर्षं आधीच उमगलं होतं. धारा मोजायला त्याच्यापाशी साधन नव्हतं, म्हणून स्वतःच्या शरीराला बसणारा झटका कमी की जास्त यावरून तो अंदाज बांधायचा. पण त्याने ते छापलंच नाही. मॅक्सवेलने त्याच्या वह्या १८७९ साली प्रसिद्ध केल्या तेव्हा जगाला कळलं.

उन्हेऱ्याचं फुकट पाणी आणि बादलीतला रॉड

आता घरातलं उदाहरण घेऊ. उन्हेऱ्याला पाणी गरम करायला जमिनीखालची उष्णता पुरते. घरात आपण बादलीत रॉड टाकतो. रॉडवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं: २३० व्होल्ट, १५०० वॉट. या दोन आकड्यांतून बाकीचं सगळं निघतं.

१५०० ला २३० ने भागलं की धारा मिळते: साधारण ६.५ अँपियर. २३० ला ६.५२ ने भागलं की रोध: सुमारे ३५ ओहम. म्हणजे रॉडच्या आत जी नायक्रोमची गुंडाळी आहे, तिचा रोध ३५ ओहम आहे. ती वस्तू उघडून पाहायची गरज पडली नाही.

पंधरा लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायची आहे. एक लिटर पाणी एक अंश तापवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात. म्हणजे १५ × २० × ४,१८६, साधारण साडेबारा लाख ज्यूल. रॉड सेकंदाला १५०० ज्यूल देतो, तर वेळ लागेल १४ मिनिटं. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणून या बादलीला ०.३५ युनिट पडलं. तुमच्या बिलावरचा युनिटचा दर घ्या आणि गुणा.

आता वाडीत सातचा सुमार आहे आणि घरात २३० ऐवजी १८० व्होल्टच येतायत. रॉडचा रोध काही बदललेला नाही, ३५ ओहमच आहे. धारा होईल १८० भागिले ३५.३, म्हणजे ५.१ अँपियर. शक्ती १८० × ५.१, म्हणजे जेमतेम ९१८ वॉट. व्होल्टेज २२ टक्क्यांनी उतरलं, पण रॉडची ताकद ३९ टक्क्यांनी उतरली. असं का? कारण व्होल्टेज घटलं की धाराही त्याच प्रमाणात घटते, आणि शक्ती या दोघांचा गुणाकार. एकाच घसरणीचा मार दोनदा बसतो. तीच बादली तापायला आता १४ ऐवजी २३ मिनिटं लागतील.

‘मग बिल कमी येत असेल’ असं कुणी म्हणेल. येत नाही. पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच, युनिटही तेवढंच. फक्त नऊ मिनिटं जास्त खोळंबलात. उलट तेवढ्या वेळात बादलीतली थोडी उष्णता हवेत गेली, ती भरून काढायला थोडं जास्तच.

तारांना प्राण्यांची नावं

हे ५० व्होल्ट गेले कुठे? तारेत.

आपल्या पोलांवरून जाणारी तार म्हणजे पोलादी गाभ्याभोवती ॲल्युमिनियमचे पीळ. तिच्या जाडीनुसार प्रकार ठरतात आणि त्यांना प्राण्यांची नावं आहेत: स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग. खार, मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी, ससा आणि कुत्रा. प्राणी मोठा तशी तार जाड. एक किलोमीटर लांबीला खारीचा रोध सुमारे १.४ ओहम, वीझलचा ०.९, सशाचा ०.५५ आणि कुत्र्याचा ०.२८.

समजा, डीपीपासून, म्हणजे रोहित्रापासून, किलोमीटरभर लांब एक वाडी आहे आणि तिच्यापर्यंत वीझल तार गेलीय. जाण्याची तार एक किलोमीटर, येण्याची एक किलोमीटर. एकूण रोध १.८ ओहम. सोपं जावं म्हणून सगळा भार टोकाला आणि एकाच फेजवर आहे असं धरू. दुपारी घरं शांत असतात तेव्हा धारा एक-दोन अँपियरची, तारेत दोन-चार व्होल्ट गळतात, कुणाला कळतही नाही. संध्याकाळी दिवे, टीव्ही, फ्रीज, मिक्सर, एखादा रॉड आणि एखादा पंप मिळून धारा २८ अँपियरवर जाते. २८ × १.८ म्हणजे ५० व्होल्ट. डीपीवर २३० असले तरी वाडीत १८०.

ते गळालेले ५०.४ व्होल्ट आणि २८ अँपियर यांचा गुणाकार करा: सुमारे १,४११ वॉट. म्हणजे आपल्या बादलीतल्या रॉडएवढी उष्णता ती तार तेवढा वेळ आभाळाला देत राहते. डीपीवरून निघालेल्या दर शंभर युनिटांतली जवळजवळ बावीस वाटेतच खर्च होतात. ही वीज कुणी चोरलेली नाही, आकडा टाकलेला नाही; तारेच्या रोधाने खाल्ली.

आता धारा निम्मी, १४ अँपियर झाली तर? गळती ५० वरून २५ व्होल्टवर येते, वाडीत २०५ व्होल्ट मिळतात. पण वाया जाणारी शक्ती निम्मी होत नाही, चतकोर होते: ३५३ वॉट. तारेत होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हे जेम्स ज्यूलने १८४०च्या सुमाराला मोजून दाखवलं. मगाशी रॉडला जो दुहेरी मार बसला, त्याचाच हा दुसरा चेहरा.

उष्णता (वॉट) = धारा × धारा × रोध

या एका ओळीत उपायही आहेत. तार बदलून रॅबिट घातली तर रोध १.८ वरून १.१ वर येतो आणि वाडीत १९९ व्होल्ट मिळतात. सुधारणा आहे, पण पुरेशी नाही. डीपीच वाडीपासून २०० मीटरवर आणली तर तारेचा रोध ०.३६ ओहम होतो, गळती दहा व्होल्टची, आणि वाडीत २२० येतात. पण मग डीपीपर्यंतची वाट लांबली, तिथे गळती होणार नाही का? फारशी नाही, आणि याच प्रश्नाच्या उत्तरावर जगभरचा वीजपुरवठा उभा आहे.

खोपोलीहून एक लाख व्होल्ट

आपल्या वाडीला डीपीवरून ६,४४० वॉट निघतात: २३० व्होल्ट गुणिले २८ अँपियर. तेवढीच शक्ती ११,००० व्होल्टच्या हाय टेन्शन तारेतून पाठवली तर धारा किती लागेल? ६,४४० भागिले ११,०००. अर्ध्या अँपियरहून थोडी जास्त. त्याच वीझल तारेत आता होणारी उष्णता एक वॉटसुद्धा नाही. मघाचे १,४११ वॉट आठवा.

गुणाकाराची हीच खुबी आहे. उंची वाढवा, प्रवाह घटवा. ताकद तेवढीच राहते, पण तारेला त्रास होतो तो फक्त प्रवाहाचा. खोपोलीचं केंद्र उभारणाऱ्या टाटांच्या अभियंत्यांपुढे १९१५ साली हाच हिशोब होता. लोणावळा, वळवण आणि शिरवट्याच्या तलावांतलं पाणी खोपोलीला आणून वीज तर करता येत होती, पण ती सत्तर किलोमीटरवरच्या मुंबईला न्यायची कशी? समजा, एक कोटी वॉट पाठवायचे आहेत आणि वाटेतल्या तारांचा रोध दहा ओहम आहे. तीन फेजची भानगड बाजूला ठेवू. दहा हजार व्होल्टने पाठवले तर धारा हजार अँपियर. हजार गुणिले हजार गुणिले दहा, म्हणजे एक कोटी वॉट. सगळीच वीज तारेत जळाली, मुंबईला दमडीही नाही. एक लाख व्होल्टने पाठवले तर धारा शंभर अँपियर. शंभर गुणिले शंभर गुणिले दहा, म्हणजे एक लाख वॉट. शंभरातला एक वाया, नव्व्याण्णव पोचले.

म्हणून खोपोलीहून परळकडे निघालेली ती लाइन सुमारे एक लाख व्होल्टची होती. घाटाखालच्या शेतातून उंच मनोरे चालत गेलेले दिसतात, त्यांची उंची आणि त्यांच्यावरचे चिनी मातीचे लांब माळांसारखे इन्सुलेटर हे त्या एका भागाकाराचं फळ आहे. आणि वाडीतला मंद दिवा हा तोच भागाकार शेवटच्या किलोमीटरला न केल्याचा परिणाम.

पंप का जळतो

रॉडला व्होल्टेज कमी मिळालं तर तो धारा कमी घेतो आणि मुकाट्याने मंद होतो. पंपाची मोटर तशी नाही. तिला विहिरीतून तेवढंच पाणी वर चढवायचं असतं. व्होल्टेज उतरलं की ती काम भागवायला धारा जास्त ओढते. २३० व्होल्टला सहा अँपियर घेणारी मोटर १८० व्होल्टला साधारण ७.७ अँपियर घेईल. गुंडाळीतली उष्णता धारेच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीहून अधिक, सुमारे १.६ पट. आणि सुरू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. १८० व्होल्टला तो ६१ टक्केच उरतो. त्यामुळे मोटर घुमते पण फिरत नाही, आणि अडकलेली मोटर नेहमीच्या पाच-सहा पट धारा ओढते. दोन-चार मिनिटांत वार्निश जळल्याचा वास येतो आणि मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जाते. कमी व्होल्टेजला पंप लावू नये म्हणतात त्यामागे हा हिशोब आहे.

जाता जाता सूत्राच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मोटर आणि पंखा यांच्या बाबतीत व्होल्ट गुणिले अँपियर केलं तर येणारा आकडा खऱ्या वॉटपेक्षा जास्त असतो, कारण आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं घेते आणि गुंडाळीत धारा व्होल्टेजच्या थोडी मागे राहते. खरे वॉट आणि हा गुणाकार यांच्या गुणोत्तराला पॉवर फॅक्टर म्हणतात. एलईडी दिव्याच्या आत तर छोटं इलेक्ट्रॉनिक मंडल असतं. चांगला दिवा १८० व्होल्टलाही तेवढाच उजेड देतो, त्याला ओहमचा नियम सरळ लावता येत नाही. आणि जुन्या पिवळ्या बल्बचा रोध गरम-थंडप्रमाणे बदलतो. शंभर वॉटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो. विझलेला, थंड असताना मोजला तर चाळीसच्या आसपास भरतो. बटण दाबल्याच्या क्षणी त्याच्यातून क्षणभर पाच-सहा अँपियर धावतात. बल्ब बहुधा लावतानाच उडतो तो त्यामुळे.

ढिला जोड आणि ओला हात

हेच गणित घराच्या भिंतीतही लागू आहे. २००० वॉटचा गीझर ८.७ अँपियर घेतो. मीटरपासून न्हाणीघरापर्यंत पंधरा मीटर, जाऊन-येऊन तीस मीटर तांब्याची तार. ती एकची असेल, म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीची, तर तिचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास, आणि भिंतीतल्या पाइपात ३९ वॉट उष्णता कोंडली जाते. अडीचची तार असेल तर सुमारे १६ वॉट. वायरमन गीझरला अडीचची किंवा चारची तार मागतो तेव्हा तो उगाच खर्च वाढवत नसतो.

त्याहून घातक असतो ढिला जोड. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमटपणात तांब्यावर हिरवट गंज चढतो, स्क्रू सैल होतात. अशा एका जोडाचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून दहा अँपियर गेले, तर तिथे ५० वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॉटची असते. म्हणजे शेंगदाण्याएवढ्या जागेत दोन इस्त्र्या, प्लास्टिकच्या डबीत. प्लगची पिन तपकिरी पडलेली दिसली की हे आत चालू आहे असं समजावं.

आणि शेवटी आपलं शरीर. कोरड्या कातडीचा रोध लाखभर ओहम असू शकतो. २३० व्होल्टला हात लागला तर अडीच मिलिअँपियरच्या आत धारा जाते, झटका बसतो, माणूस हात काढतो. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत खाली येतो. तेच २३० व्होल्ट, पण आता धारा २३० मिलिअँपियर. माणसाचं हृदय थांबवायला त्याहून पुष्कळ कमी पुरते. पाच अँपियरच्या फ्यूजला मात्र ती धारा जाणवतही नाही, कारण फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, माणसाच्या नव्हे. माणसासाठी आरसीसीबी नावाचं उपकरण असतं. गेलेली धारा आणि परत आलेली धारा यांत ३० मिलिअँपियरचा फरक पडला की ते क्षणार्धात वीज तोडतं. पावसाळ्यात बादलीत रॉड टाकणाऱ्या प्रत्येक घरात ते हवं. आणि ते असलं तरी रॉड चालू असताना पाण्यात हात घालून ‘तापलं का’ बघायचं नाही.

अर्जात काय लिहावं

‘आमच्याकडे लाइट कमी आहे’ हे वाक्य खरं असलं तरी त्याचं कुणाला काही करता येत नाही. नियमाप्रमाणे घरगुती पुरवठा २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली चालतो, म्हणजे २१६ ते २४४. एखाद्या जाणत्या वायरमनकडून संध्याकाळी सात वाजता दोन ठिकाणी व्होल्टेज मोजून घ्या, डीपीजवळच्या पहिल्या घरात आणि वाडीच्या शेवटच्या घरात. त्याच्याकडे टाँग टेस्टर असेल तर शेवटच्या टप्प्यातल्या घरांच्या मीटरमागे धाराही मोजता येते. तार न तोडता, नुसती कवेत घेऊन तो अँपियर दाखवतो. दोन्ही घरांच्या व्होल्टेजमधला फरक हा तारेचा खर्च. पहिल्या घरातच १९० असतील तर दोष डीपीचा किंवा तिच्या मागचा; पहिल्या घरात २३० आणि शेवटच्या घरात १८० असतील तर तार बारीक किंवा लांब. एवढ्यावरून रोगाचं ठिकाण ठरतं.

हे आकडे, तारीख आणि वेळ लिहून, चार दिवसांची नोंद जोडून अर्ज द्या. पोलावर स्वतः चढू नका आणि दुसऱ्याला चढवू नका. गुणाकार जमिनीवर बसूनही करता येतो.